क्लबची मदत गावात येते कशी? रोटरी फाऊंडेशनचा पैसा, नोव्हेंबरची सभा आणि गावाने गाठायची वेळ

चाळीसगाव : जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा फिल्टर बसतो, त्यावर दातेरी चाकाचं चिन्ह असतं. कुठे मोतीबिंदूचं शिबिर होतं, कुणाला तीनचाकी सायकल मिळते, कुठे नाल्यावर बंधारा बांधला जातो. फित कापली जाते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि "क्लबवाल्यांनी दिलं" एवढंच गावाला कळतं. तो पैसा कुणाचा, कुठे जमतो, कोण वाटतो आणि कधी वाटतो, हे मात्र बहुतेक गावांना माहिती नसतं. त्यामुळे होतं काय, की गावाला हवं असतं एक आणि मिळतं दुसरंच. नाहीतर गाव मागायला जातं तेव्हा त्या वर्षाचं वाटप ठरून गेलेलं असतं.

तालुक्याच्या गावात रोटरी आणि लायन्स ही दोन नावं जास्त ऐकू येतात. दोन्ही संस्था अमेरिकेतल्या शिकागो शहरात सुरू झाल्या, दोन्हींची स्वतःची जागतिक फाऊंडेशन आहेत. इथे मुख्य माहिती रोटरी फाऊंडेशनची आहे, कारण त्याचे अनुदानाचे नियम ठरलेले आणि लेखी आहेत. ते समजले की दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे जातानाही उपयोगी पडतात.

क्लब वेगळा, फाऊंडेशन वेगळं

आधी हा घोळ मिटवू. क्लब म्हणजे गावातले सभासद. डॉक्टर, व्यापारी, वकील, प्राध्यापक, बागायतदार अशी मंडळी वर्गणी भरतात, ठरलेल्या दिवशी भेटतात, छोटे उपक्रम स्वतःच्या खिशातून करतात. वह्यावाटप, रक्तदान, झाडं लावणं ही कामं बहुतेक क्लबच्याच पैशातून होतात. त्याला वरून कुणाची मंजुरी लागत नाही.

फाऊंडेशन म्हणजे जगभरच्या क्लबांच्या सभासदांनी भरलेला एकत्र निधी. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ ला तीन मित्रांसोबत रोटरीची पहिली बैठक घेतली. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर, एक शिंपी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसायचे म्हणून नाव पडलं रोटरी. पुढे बारा वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यावेळचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी अटलांटाच्या अधिवेशनात कल्पना मांडली की जगात चांगलं काम करायला एक कायमचा निधी असावा. पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. किती? २६ डॉलर ५० सेंट. आपल्याकडे सप्ताहाच्या भंडाऱ्यालासुद्धा याहून जास्त पट्टी जमते. त्या निधीला 'रोटरी फाऊंडेशन' हे नाव १९२८ मध्ये मिळालं.

बराच काळ हा निधी तसा छोटाच राहिला. १९४७ च्या जानेवारीत पॉल हॅरिस वारले, त्यांच्या आठवणीत जगभरातून देणग्या आल्या आणि तिथून फाऊंडेशनने वेग घेतला. पहिलं काम शिष्यवृत्त्यांचं होतं.

आणखी एक शब्द गोंधळात टाकतो. रोटरीवाले 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात तेव्हा तो जळगाव जिल्हा नसतो. जळगाव, धुळ्याचे क्लब ज्या ३०३० क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतात, तो नाशिकपासून नागपूरपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे मेहुणबारे किंवा बहाळच्या शाळेची मागणी विदर्भातल्या शाळेच्या मागणीशेजारी एकाच टेबलावर ठेवली जाते. हे लक्षात ठेवलं तर कागद नीट का पाहिजेत ते आपोआप कळतं.

नोव्हेंबरच्या सभेत काय होतं

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दरवर्षी अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो. जुलैतला पदग्रहण सोहळा सगळ्यांना दिसतो, कारण त्याचे बॅनर लागतात. पण पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा महिना नोव्हेंबर. तो फाऊंडेशन महिना म्हणून पाळला जातो. क्लबमध्ये फाऊंडेशनवर सभा होतात आणि फाऊंडेशनचं काम पाहणारे पदाधिकारी हिशोब मांडतात. आपल्या क्लबने किती भरलं, डिस्ट्रिक्टकडे किती शिल्लक आहे, कोणत्या कामांना अनुदान मिळालं, कोणत्या कामाचा अहवाल अजून बाकी आहे.

अहवाल बाकी हा मुद्दा साधा वाटतो, पण तोच अनेकदा आडवा येतो. आधीच्या अनुदानाचा हिशोब वेळेत दिला नाही तर क्लबला पुढचं अनुदान अडतं. अनुदान घेण्यासाठी क्लबच्या माणसांनी अनुदान कसं सांभाळायचं याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, डिस्ट्रिक्टसोबत लेखी करार करावा लागतो आणि पावत्या, कागदपत्रं कमीत कमी पाच वर्षं जपावी लागतात. म्हणून क्लबचा माणूस गावात येऊन सही-शिक्के मागतो, दहा फोटो काढतो, तेव्हा तो मिरवायला आलाय असंच समजू नये. त्याला ते वर द्यायचे असतात. (मिरवणारेही असतात, तो भाग वेगळा.)

याच सभेत देणगीदारांचा सत्कार होतो. 'पॉल हॅरिस फेलो' असा शब्द बातम्यांत येतो, तो इथला. फाऊंडेशनला एकूण एक हजार डॉलर देणाऱ्याला किंवा ज्याच्या नावाने तेवढे दिले त्याला हा मान मिळतो. ही पद्धत १९५७ पासूनची. आजच्या भावाने ही रक्कम ८० हजार रुपयांच्या वर जाते, एकदम द्यावी लागते असं नाही, साठत साठत पूर्ण होते. ती परीक्षा देऊन मिळालेली पदवी नाही, देणगीची पोचपावती आहे. तरी एखाद्या दुकानदाराने कापसाचा भाव पडलेल्या वर्षातही तेवढे पैसे बाजूला काढले असतील, तर टाळी वाजवायला हरकत नाही.

डिसेंबर संपायच्या आत क्लबची वार्षिक सभा होऊन पुढच्या पदाधिकाऱ्यांची निवड होते. म्हणजे जानेवारीत पुढचा अध्यक्ष कोण हे ठरलेलं असतं, पण तो कामाला लागणार असतो जुलैत. मधल्या सहा महिन्यांत त्याचं नियोजन चालू असतं. गावासाठी खरी वेळ हीच.

शंभर डॉलर भरले, पुढे काय?

वार्षिक निधीत भरलेला पैसा लगेच खर्च होत नाही. तो तीन वर्षं गुंतवून ठेवतात. तीन वर्षांनी त्यातले साडेसत्तेचाळीस टक्के डिस्ट्रिक्टच्या वाट्याला परत येतात, साडेसत्तेचाळीस टक्के जागतिक निधीत जातात आणि पाच टक्के कामकाजाच्या खर्चाला.

समजा एका क्लबमध्ये ५० सभासद आहेत आणि प्रत्येकाने १०० डॉलर भरले. झाले ५,००० डॉलर. तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टकडे आले २,३७५ डॉलर. ते त्या क्लबच्या खात्यात येत नाहीत, सगळ्या डिस्ट्रिक्टच्या पेटीत जमा होतात. डिस्ट्रिक्ट आपल्या वाट्यातला जास्तीत जास्त निम्मा भाग 'डिस्ट्रिक्ट ग्रँट' म्हणजे छोट्या कामांसाठी घेऊ शकतो. शाळेचे बेंच, छोटं वैद्यकीय साहित्य, तपासणी शिबिर अशी कामं यात बसतात. उरलेला भाग मोठ्या कामांना किंवा पोलिओला जातो.

यातून एक गोष्ट निघते. आज क्लबने काही भरलं नाही तर त्याचा फटका आज बसत नाही, तीन वर्षांनी बसतो, तेव्हा अध्यक्ष तिसराच असतो. नोव्हेंबरच्या सभेत "प्रत्येक सभासदाने दरवर्षी काहीतरी द्यावं" असा आग्रह का धरतात, त्याचं उत्तर यात आहे. आपल्याकडे बोअर आटल्यावर पुनर्भरणाची आठवण येते, तसंच.

मोठं अनुदान

मोठ्या कामासाठी 'ग्लोबल ग्रँट' असते. कामाचा एकूण खर्च किमान ३० हजार डॉलर हवा, म्हणजे पंचवीस लाख रुपयांच्या आसपास किंवा वर. दोन क्लब लागतात, एक इथला आणि एक दुसऱ्या देशातला. डिस्ट्रिक्टांनी आपल्या वाट्यातून पैसे घातले की जागतिक निधी त्यावर ८० टक्के भर घालतो. हा दर जुलै २०२१ पासूनचा, त्याआधी पूर्ण शंभर टक्के मिळायचे. उदाहरणच घ्यायचं तर इथला आणि परदेशातला मिळून डिस्ट्रिक्टांनी १७,००० डॉलर घातले तर वरून १३,६०० येतात आणि ३०,६०० चं काम उभं राहतं.

डायलिसिस मशीन, पाणी अडवण्याची कामं, शाळांतली स्वच्छता अशी कामं यात येतात. जमीन किंवा इमारत विकत घेता येत नाही. नुसती रोख रक्कम एखाद्या संस्थेच्या हातात देता येत नाही. आधीच झालेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. सरपंचांनी घाईने काम उरकून घेतलं आणि मग बिल घेऊन क्लबकडे गेले, तर क्लबची इच्छा असूनही उपयोग नाही.

२०१८ पासून एक अट पक्की झाली. काम ठरवण्याआधी गावाची पाहणी करून गावाला काय हवं ते लेखी नोंदवावं लागतं. म्हणजे गावाशी न बोलता काम आणून टाकणं नियमातच बसत नाही. गावाने हा नियम माहीत करून घ्यावा आणि पाहणीला क्लबचे लोक आले की ओट्यावर चारच पुरुष बसवून मोकळं होऊ नये. पाणी भरणाऱ्या बाया, अंगणवाडी सेविका, शाळेतली मोठी पोरं यांनाही बोलू द्यावं.

परदेशी निधीशिवाय तिसरा मार्ग आहे कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. अशा कंपनीला गावोगावी फिरायला माणसं नसतात, क्लबकडे ती असतात. म्हणून कधी फलकावर चाकाच्या शेजारी कंपनीचं नाव दिसतं.

दोन थेंबांचा हिशोब

फाऊंडेशनचं सगळ्यात मोठं काम खान्देशातल्या प्रत्येक घरात पोहोचलं आहे, फक्त घराला ते माहीत नाही. पोलिओच्या रविवारी शाळेत किंवा एसटी स्टँडवर बूथ लागायचा, लेकराच्या तोंडात दोन थेंब आणि करंगळीच्या नखावर काळी खूण. आजही मोहीम निघाली की चाळीसगाव जंक्शनवर गाडीतून उतरणाऱ्या बायांच्या कडेवरचं पोरही सुटत नाही.

रोटरीने १९८५ मध्ये जगातला पोलिओ संपवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. उद्दिष्ट होतं १२ कोटी डॉलरचं, १९८८ पर्यंत त्याच्या दुप्पट, २४ कोटी ७० लाख जमले. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये देशभर सुरू झाली. शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात, एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला.

श्रेय वाटताना मात्र नीट वाटायला हवं. रोटरीने पैसा उभा केला, सरकारांच्या मागे लागली, सभासद बूथवर उभे राहिले. पण थंडीत वाडी-वस्तीवर डबा घेऊन चालत जाणारी अंगणवाडी सेविका होती, आशाताई होती, आरोग्य सेवक होते. ऊसतोडीच्या टोळीत कोणतं पोर राहिलं हे त्यांनाच माहीत असायचं.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून गेलेला नाही, म्हणून आपल्याकडे डोस चालू आहेत आणि क्लबांमध्ये वर्गणीही. गेट्स फाऊंडेशनशी करार असा, की रोटरीने पोलिओसाठी वर्षाला पाच कोटी डॉलरपर्यंत जमवले तर प्रत्येक डॉलरवर त्यांनी दोन घालायचे. २४ ऑक्टोबरला पोलिओ दिन असतो. चौकात त्या दिवशी रॅली दिसली तर ती याचीच.

फिल्टर बंद का पडतो

आता गावाच्या बाजूने बोलू. दिलेली वस्तू टिकत नाही ही तक्रार दोन्हीकडून असते. क्लब म्हणतो गावाने सांभाळलं नाही, गाव म्हणतं त्यांनी निकृष्ट दिलं. बहुतेक वेळा कारण याहून साधं असतं. वीजबिल कुणी भरायचं आणि कार्ट्रिज कुणी बदलायचं, हे आधी ठरलेलंच नसतं.

पाण्याचाच दाखला घ्या. सगळे आरओ मागतात. पण भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत सूट आहे. पाणी ५०० च्या आत असेल आणि तपासणीत फ्लोराइड, नायट्रेटसारखा त्रास नसेल तर आरओची गरज नाही, जंतू मारणारा साधा फिल्टर पुरतो. आरओ काही पाणी शुद्ध करून देतं आणि बरंचसं बाहेर फेकतं. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो तिथे हे परवडणारं नाही. म्हणून मागणीआधी पाणी तपासावं. ग्रामपंचायतीकडे तपासणीचं किट असतं, नाहीतर भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. तो रिपोर्ट मागणीला जोडला की पुढचा अर्धा वाद मिटतो.

पुराच्या वेळी मात्र असा हिशोब करत बसता येत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी चाळीसगाव शहरात आणि काठच्या गावांत घुसलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा वेळी लागतं ते कोरडं अन्न, अंथरूण-पांघरूण, औषधं, आणि ते दोन दिवसांत लागतं. आपत्तीसाठी फाऊंडेशनचं वेगळं अनुदान आहे, पण तेही अर्ज करूनच मिळतं. पहिल्या दोन दिवसांत उपयोगी पडतो तो क्लबचा स्वतःचा पैसा आणि गावकऱ्यांचे ट्रॅक्टर.

गावाने कधी जायचं, काय घेऊन जायचं

जुलैत नव्या अध्यक्षांना हार घालायला जाऊन मागणी केली तर साधारण एक वर्ष उशीर झालेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावं. चालू अध्यक्षांना भेटावं, पण निवड झालेल्या पुढच्या अध्यक्षांनाही सोबत भेटावं, कारण काम त्यांच्या वर्षात होणार.

सोबत ग्रामसभेचा किंवा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव असावा. त्यात एकच मागणी लिहावी. सभामंडप, व्यायामशाळा, कमान, फिल्टर असं सगळं एका कागदावर टाकलं की कुणीच काही देत नाही. उपयोग किती जणांना होणार तो खरा आकडा द्यावा, शाळेचा पट फुगवू नये, पाहणीत कळतं. जागा कुणाच्या मालकीची ते लिहावं. वीज, दुरुस्ती, साफसफाई कोण बघणार त्याचं नाव आणि पद लिहावं. आणि गाव स्वतः काय घालणार तेही लिहावं. पैसेच घालावेत असं नाही. चौथरा बांधून देणं, चर खोदणं, नळजोड देणं हाही वाटाच आहे. देणाऱ्याला यातून कळतं की गाव फक्त हात पसरून उभं नाही.

उलट बाजूने, गावातून किंवा गावाबाहेर शिकून नोकरीला लागलेल्या कुणाला देणगी द्यायची असेल तर संस्थेकडे '८० जी' ची मान्यता आहे का ते विचारावं. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसूट मिळत नाही, ती चेकने किंवा ऑनलाइन द्यावी. नव्या करपद्धतीत असाल तर ही सूटच मिळत नाही. पावती मात्र दोन्ही पद्धतींत घ्यायची.

कृत्रिम हाताची चौकशी

शेवटी एक माहिती, जी बऱ्याच घरांपर्यंत गेलेली नाही. कडबाकुट्टी किंवा मळणीयंत्रात हात जाण्याचे अपघात आपल्याकडे होतात. कोपराखाली हात गेलेल्यांसाठी 'एलएन-४' नावाचा प्लास्टिकचा कृत्रिम हात आहे. तो ऑपरेशनशिवाय बसतो, त्याने पेला धरता येतो, पेन धरता येतो, गाडीचं हँडल पकडता येतं. अमेरिकेतल्या एका डिझायनरने अपघातात गेलेल्या आपल्या मुलीच्या, एलन मेडोज हिच्या आठवणीत तो बनवला. रोटरी क्लब देशभर त्याची शिबिरं घेतात आणि हात मोफत बसवून देतात. कोपराच्या खाली थोडा तरी हात शिल्लक असावा लागतो, कोपराच्या वरून गेला असेल तर हा बसत नाही.

जवळचं शिबिर कधी आहे हे क्लबच्या सचिवाकडे विचारता येतं. नाव नोंदवताना हाताचा फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स जवळ ठेवावी. कुणी फोन करून "नंबर लावायला" पैसे किंवा ओटीपी मागत असेल तर तो क्लबचा माणूस नाही, फोन ठेवून द्यावा.